पाऱ्याची नळी, चार पानांचा निबंध

संपादकांनी यंदा ‘हद्द’ हा विषय दिला. सीमाप्रश्नावर, गावकुसावर, घरातल्या वाटण्यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला आठवली ती शास्त्राशास्त्रांमधली हद्द. आपल्याकडे अकरावीलाच मुलाला विचारतात, गणित घेणार की जीवशास्त्र? तिथून वाट जी फुटते ती पुन्हा जुळत नाही. डॉक्टर झालेला माणूस समीकरणाला हात लावत नाही आणि भौतिकशास्त्रज्ञाला पेशीच्या पोटात काय चालतं याची खबर नसते.

पण खंडाळ्याच्या माथ्यापासून तळेगावपर्यंतच्या मावळाच्या पट्ट्यात या हद्दीची दोन मोठी उल्लंघनं दिसतात. एक लोणावळ्यातच घडलं. दुसरं पुण्यात घडलं, पण त्याचा कर्ता आयुष्यातली कितीतरी वर्षं याच पट्ट्यातून आगगाडीने ये-जा करत होता आणि इथल्या डोंगरांवर पायी भटकत होता. पहिले स्वामी कुवलयानंद, दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. स्वभाव, श्रद्धा, राजकारण, कशातच दोघांचं साम्य नाही. मरण मात्र एकाच वर्षातलं : १९६६ च्या एप्रिलमध्ये कुवलयानंद गेले, जूनमध्ये कोसंबी.

पोटातली पोकळी

लोणावळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कैवल्यधाम आहे. चिक्कीच्या दुकानांची रांग मागे पडली की झाडी दाट होते आणि पावसाळ्यानंतर काही आठवडे तिथल्या भिंतींवर शेवाळ टिकून राहतं. आश्रम म्हणून आपण जे चित्र मनात घेऊन जातो त्यात प्रयोगशाळा बसत नाही. इथे ती पहिल्यापासून होती, किंबहुना आश्रम तिच्याच भोवती उभा राहिला. १९२४ च्या विजयादशमीला संस्था सुरू झाली आणि त्याच महिन्यात ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिकही. त्या अंकांची रचनाच बोलकी आहे : शास्त्रीय विभाग वेगळा, अर्धशास्त्रीय वेगळा, सर्वसामान्य वाचकांसाठीचा वेगळा. कोणतं विधान मोजमापावर उभं आहे आणि कोणतं अजून तर्कावर, हे वाचकाला पानावरच कळावं, अशी ती सोय. आजच्या आरोग्यविषयक लिखाणात एवढी सभ्यता कितीजण पाळतात?

कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, अमळनेरला शिक्षकी केली. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण गुरूंनी शिकवलेल्या क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. लोणावळ्याला येण्याआधीच बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी क्ष-किरणांखाली पोटात काय दिसतं ते तपासलं होतं.

त्यांचा सगळ्यात देखणा प्रयोग नौलीवरचा आहे. हठयोग्यांची बस्ती ही क्रिया जुनी : पाण्यात बसून गुदद्वारावाटे पाणी आत ओढून घ्यायचं आणि मोठं आतडं धुवायचं. पंप नाही, पिचकारी नाही. पाणी वर चढतं कसं? साधकाला विचाराल तर तो अपान वायूचं नाव घेईल. डॉक्टरला विचाराल तर तो खांदे उडवेल, कारण आतड्याची स्वाभाविक हालचाल खालच्या दिशेने असते.

कुवलयानंदांनी प्रश्न दाबाचा करून टाकला. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा. एक तोंड हवेला उघडं, दुसऱ्याला रबरी नळी जोडून ती साधकाच्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचवलेली. साधक स्वस्थ उभा आहे तोवर पारा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा. मग तो श्वास पूर्ण सोडतो, कंठ मिटतो आणि श्वास न घेता छाती फुगवतो. छाती-पोटामधला पडदा वर खेचला जातो, पोट पाठीला लागतं. हे उड्डियान. आता तो पोटाच्या मधले दोन उभे स्नायू तेवढे आवळून पुढे काढतो, बाजूचे सैल ठेवतो. ही नौली. या क्षणी पोटाच्या पोकळीचं आकारमान वाढतं, पण आत यायला हवेला वाट नाही. आकारमान वाढलं की दाब उतरतो, हा शाळेत शिकवला जाणारा बॉइलचा नियम. नळीतला पारा शरीराच्या बाजूला चढतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला आहे, आणि बाहेरची हवाच पाणी आत ढकलते आहे.

या उणे दाबाला कुवलयानंदांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं : माधवदास निर्वात. मला हे नाव फार आवडतं. गुरूवरची भक्ती आणि पाऱ्याच्या नळीवरचा विश्वास एकाच शब्दजोडीत नांदतात आणि एकमेकांना खात नाहीत.

आवडत्या समजुतीला नकार

त्याहून मोठं काम मला वाटतं ते प्राणायामाचं. दीर्घ श्वास घेतला की शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, हे आजही जवळजवळ प्रत्येक शिबिरात सांगतात. लोणावळ्याच्या रस्त्यावरच्या फलकांवरही ते वाचायला मिळतं. कुवलयानंदांच्या काळीही ही समजूत होती आणि योगाच्या प्रचारकाला ती सोयीचीच होती.

त्यांनी तपासलं. श्वासातले वायू मोजायची त्या काळची सर्वमान्य रीत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांची. उच्छ्वासाची हवा गोळा करायची, तिचा ठरावीक भाग काचेच्या नळीत घ्यायचा, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावात कार्बन डायऑक्साइड शोषू द्यायचा आणि हवा किती आक्रसली ते वाचायचं. याच हॉल्डेननी १९०५ साली प्रीस्टलींबरोबर दाखवून दिलं होतं की श्वासाचा लगाम प्राणवायूच्या हाती नसून मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. लोणावळ्याच्या प्रयोगांतून कुवलयानंद या निष्कर्षाला आले की प्राणायामाचं मोल जादा प्राणवायूत शोधण्यात अर्थ नाही. १९३१ च्या ‘प्राणायाम’ या पुस्तकातही त्यांनी तेच मांडलं : फायदा आहे तो श्वसनाच्या आणि मज्जासंस्थेच्या शिस्तीत.

कारण साधं आहे. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन स्वस्थ बसल्या बसल्याच सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेलं असतं. करोनानंतर बोटाला लावायचं ते छोटं यंत्र घरोघरी आलं. कुणीही लावून बघावं. भरलेल्यात आणखी भरणार किती? जोरजोराने श्वास घेतला तर उलट कार्बन डायऑक्साइड घटतो आणि डोकं हलकं होतं. हेच सावकाश, श्वास रोखून केलं तर त्या वायूची पातळी चढू देण्याची सवय लागते. शरीर शिकतं ते हे.

योगासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाने योगाच्या सगळ्यात लोकप्रिय दाव्याला स्वतःच्या त्रैमासिकातून नकार द्यावा, ही गोष्ट शंभर वर्षांनीही आपल्या पचनी पडलेली नाही. परक्यांना ती त्या वेळीच महत्त्वाची वाटली. येल विद्यापीठातले कोवूर बेहानन १९३०च्या दशकात इथे येऊन शिकले आणि परत जाऊन त्यांनी योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर १९३७ साली पुस्तक लिहिलं.

हीच रीत पुढच्यांनीही चालवली. साधू जमिनीखाली पुरून घेतात त्या भूसमाधीचा प्रश्न करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्डा बांधून तपासला आणि तो अभ्यास १९६८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापला. पुढच्याच वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ के. के. दाते यांचा शवासन आणि रक्तदाबावरचा निबंध आला. त्यात सत्तेचाळीस रुग्ण होते आणि सहलेखकांत लोणावळ्याचे विनेकर. औषध न घेणाऱ्यांचा दाब उतरला, औषधांवर असलेल्या कित्येकांची मात्रा कमी करता आली.

अशा अभ्यासांतली अडचण आजही तीच आहे. गोळीची परीक्षा घेताना खोटी गोळी देता येते. खोटं शवासन कसं द्यायचं? पडून राहायला सांगितलेल्या माणसाला ठाऊक असतं की आपण पडून आहोत. म्हणून तुलनेचा गट कोणता घ्यायचा यावरच अभ्यासाचा कस लागतो आणि योगाच्या बाजूने छापून येणाऱ्या प्रत्येक बातमीला मी आधी तोच प्रश्न विचारतो.

वडगावच्या खाचरात

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने निघालं की मळवली, कामशेत, कान्हे आणि मग वडगाव. या वाटेत पाऊस भराभर ओसरतो, पण भाताला पुरून उरतो. दिवाळीच्या तोंडावर खाचरं पिवळी पडलेली असतात. वडगाव मावळला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि इंद्रायणी तांदूळ तिथलाच. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवडलेली ही जात १९८७ साली शेतकऱ्यांसाठी आली.

बांधावर एक शेतकरी काका कापणीआधी ओंब्या चाचपत होते. म्हटलं, आंबेमोहोर का नाही लावत? म्हणाले, “वास चांगला हो, पण वारा आला की झोपतो. ह्यो उभा ऱ्हातो.” त्यांनी एक लोंबी हातावर चुरली, फोलपट फुंकून दाणे पुढे केले.

उंच, सुवासिक, पण लोळणारा एक भात. बुटका, भरघोस, पण बिनवासाचा दुसरा. दोघांचं लग्न लावून नातवंडांतून हवी ती निवडायची, हे पैदासकाराचं काम. आयआर-८ चं बुटकेपण ज्या जनुकामुळे येतं ते भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर आहे. सुवासिक भातांच्या बहुतेक जातींत वासाचं मुख्य कारण आठव्या गुणसूत्रावर. वेगळ्या गुणसूत्रांवरचे गुण एकमेकांशी बांधलेले नसतात, त्यामुळे हवी ती जोडी सापडते. पण रोगप्रतिकाराचं चांगलं जनुक आणि एखादा नकोसा गुण एकाच गुणसूत्रावर शेजारी बसले असतील, तर त्यांची ताटातूट व्हायला किती रोपं तपासावी लागतील? त्यासाठी त्यांच्यातलं अंतर माहीत हवं. हे अंतर काढायला जगभरचे पैदासकार आणि आनुवंशिक रोगांचे संशोधक जे सूत्र वापरतात, त्यात कोसंबींचं नाव आहे.

जागा बदलणारे प्रवासी

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी शेजारी येते आणि मधेच तुटून तुकड्यांची अदलाबदल करते. दोन जनुकांमध्ये एकदा अदलाबदल झाली तर ती वेगळी पडतात आणि पुढच्या पिढीत ते दिसतं. पण दोनदा झाली तर? गाडीत समोरासमोरच्या दोन प्रवाशांनी जागा बदलल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा बदलल्या, तर तिकीट तपासनिसाला काहीच घडलेलं दिसणार नाही. म्हणून रोपं मोजून आलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा नेहमी कमी भरतो. तो दुरुस्त कसा करायचा?

पहिलं उत्तर १९१९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दिलं. श्वासाचे वायू मोजणाऱ्या हॉल्डेनचे हे चिरंजीव. त्यांनी धरलं की प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असते, एकीचा दुसरीवर परिणाम नाही. गणित सोपं झालं, पण निसर्ग तसा वागत नाही. एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते.

कोसंबी तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्यांनी हा अडथळा सूत्रात आणला : जनुकं अगदी जवळ असतील तर दुसरी अदलाबदल जवळजवळ अशक्य, जसजसं अंतर वाढेल तसतसा अडथळा सैल. त्यातून आलेला निबंध १९४४ मध्ये ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये छापून आला. लांबी चार पानं.

फरक किती पडतो ते पाहा. शंभरातल्या पाच संततींत दोन गुण वेगळे पडले, तर हॉल्डेनच्या हिशेबाने अंतर ५.३ सेंटिमॉर्गन (हे या अंतराचं एकक) येतं, कोसंबींच्या हिशेबाने ५.०. इथे भांडण नाही. शंभरातल्या वीस संततींत वेगळे पडले तर २५.५ आणि २१.२. चाळीसांत पडले तर हॉल्डेन ८०.५ सांगतात, कोसंबी ५४.९. नकाशावर ही तफावत थोडीथोडकी नव्हे.

कोसंबी जीवशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यांनी जीवशास्त्रज्ञांना नवं जीवशास्त्र शिकवायचा प्रयत्नही केला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठेवलेले आकडे त्यांनी मानले आणि त्या आकड्यांना न्याय देईल असं लहानात लहान गणित शोधलं. ते सूत्र टिकलं ते यामुळेच, असं मला वाटतं.

पावसाचे किती आकार?

त्याच सुमारास, १९४३ साली, त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्याचं मोल कळायला जगाला वेळ लागला. लोणावळ्याच्या पर्जन्यमापकाचं उदाहरण घेतो. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. जून ते सप्टेंबर रोजच्या पावसाची रेषा काढली तर दर वर्षी एक वेडीवाकडी रेघ मिळते. अशा पन्नास रेघा समोर ठेवल्या. प्रश्न असा : या साऱ्यांमागे मूळ आकार किती? लवकर येऊन लवकर जाणारा पाऊस, ऑगस्टात दडी मारणारा, सतत धरून राहणारा अशा मोजक्या घडणींची कमीजास्त बेरीज करून प्रत्येक वर्ष उभं करता येईल का? आणि त्या घडणी डोळ्यांनी न निवडता गणितानेच अशा निवडता येतील का, की पहिलीत जास्तीत जास्त फरक सामावेल, दुसरीत उरलेल्यातला जास्तीत जास्त?

कोसंबींनी ती रीत मांडली. कार्हुनेन यांनी १९४७ मध्ये आणि लोएव्ह यांनी १९४८ मध्ये तीच स्वतंत्रपणे मांडली आणि सिद्धांताला नाव त्या दोघांचं पडलं. पुढे प्रवाहातल्या खळबळीचा अभ्यास करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी ती उचलली. हृदयाच्या विद्युत आलेखात ठोक्यामागून ठोका काय बदलतो हे टिपायलाही ती वापरतात. युद्धकाळात ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये छापलेला तो निबंध परदेशातल्या फारच थोड्यांच्या हाती पडला असणार. कोसंबींचं नाव आता काही लेखनात त्या दोघांच्या जोडीला लावतात. ते सगळीकडे लावलं पाहिजे.

मूळ पिंड मात्र भूमितीचा. १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांनी गतिमार्गांच्या भूमितीवर निबंध दिला आणि त्याच्या लगेच मागे फ्रान्सचे एली कार्तान यांचं त्यावरचं टिपण छापलं गेलं. शेजारून निघालेल्या दोन वाटा पुढे जवळ राहतील की फाकतील, हे त्या भूमितीतून कळतं. कोसंबी, कार्तान आणि चर्न यांच्या नावाने ती ओळखली जाते. भौतिकशास्त्रात तिचा उपयोग आहेच. शिवाय पीटर अँटोनेली आणि इतरांनी ती सजीवांच्या वाढीच्या, स्पर्धेच्या समीकरणांना लावली.

कार्ल्याच्या पायऱ्या

१९४५ नंतर कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच राहिलं. सकाळी डेक्कन क्वीन, संध्याकाळी डेक्कन क्वीन. ही गाडी वडगाव, मळवली न थांबता ओलांडते आणि खिडकीतून लोहगड, विसापूर दिसत राहतात. सुटीच्या दिवशी ते या डोंगरांत पायी जात. मळवलीहून एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे.

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना आज एकवीरेला जाणाऱ्या कोळी कुटुंबांची रीघ असते. देवळाला लागूनच चैत्याचं तोंड आणि आत खांबांवर ब्राह्मीतले दानलेख. त्यांत धेनुकाकटा या गावाचं नाव पुन्हापुन्हा येतं, काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. कोसंबींनी हे लेख स्वतः उभं राहून वाचले आणि त्यावर १९५५ साली लिहिलं. लेणी कुठे आहेत, घाटवाटा कुठून जातात, वाटांच्या फाट्यावर कोणती देवी बसली आहे, शेजारी बारीक दगडी हत्यारं सापडतात का, हे सगळं त्यांनी एकत्र मांडून पाहिलं. त्याआधी जुनी आहत नाणी त्यांनी हजारोंनी तोलली होती. नाणं जितकं हातातून फिरतं तितकं झिजतं. म्हणून वजनाच्या घटीवरून नाण्यांचा क्रम लावता येतो. इतिहासात ते गणित घेऊन आले ते असं, तराजू हातात धरून.

एकदा मात्र हे हद्द ओलांडणं चुकलं. १९५९ साली त्यांनी मूळ संख्यांच्या विभागणीला संख्याशास्त्राची पद्धत लावून रीमानच्या सुप्रसिद्ध अटकळीची सिद्धता मिळाल्याचा दावा केला. मूळ संख्या यदृच्छेने विखुरल्यासारख्या दिसतात हे खरं, पण तसं दिसणं आणि तसं असल्याची सिद्धता यांत अंतर आहे. गणितज्ञांनी दावा मानला नाही आणि त्यांच्या नावाला त्याचा मोठा फटका बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतली नोकरीही संपली. गुणसूत्रांच्या निबंधात त्यांनी दुसऱ्या शास्त्राचा कायदा पाळला होता, इथे तो पाळला गेला नाही. मोठ्या माणसाची ही चूक झाकून त्यांचं मोठेपण वाढणार नाही आणि त्या एका चुकीवरून त्यांना मोजणाऱ्यांचं तर मला कधीच पटलेलं नाही.

बारावीच्या वर्गासाठी

मला मनापासून वाटतं की हे सगळं मावळातल्या शाळा-महाविद्यालयांत शिकवलं जावं, चरित्र म्हणून नव्हे, काम म्हणून. कोसंबींचं सूत्र एका ओळीच्या विकलक समीकरणातून निघतं. वेगळ्या पडलेल्या संततीचं प्रमाण ‘र’ मानलं तर अंतरागणिक ते वाढण्याचा वेग हॉल्डेनकडे एक वजा दोन ‘र’ इतका आणि कोसंबींकडे एक वजा चार गुणिले ‘र’चा वर्ग. बारावीच्या पुस्तकातलं संकलन येणाऱ्या मुलीला हे वहीच्या अर्ध्या पानात सोडवता येईल आणि वर दिलेले २१.२ व ५४.९ हे आकडे तिचे तिने पडताळता येतील. रोपं मोजायला वडगावचं खाचर आहे. पाऱ्याऐवजी रंगीत पाणी भरून वाकडी नळी शाळेत करता येते. तोंडात धरून गाल आत ओढले तरी पाण्याची पातळी हलते. ‘योग मीमांसा’च्या पहिल्या दहा वर्षांतले प्रयोग मराठीत आणायला हवेत, आकड्यांसकट आणि नकारांसकट. कोसंबींचा चार पानी निबंधही. एवढं काम एका उन्हाळी सुटीत दोन-तीन शिक्षक मिळून करू शकतील. कुणी पुढे आलं, तर भाषांतराला आणि खाचरातल्या मोजणीला मी येईन.